वाढपी कोण?

मराठीत 'वाढणे' या एकाच शब्दाने दोन कामे भागतात. ताटात अन्न वाढतात आणि घरात मूल वाढते. भाषेने हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदविले, त्यात मोठी समज आहे. जो वाढतो, तोच जेवणाऱ्याची वाढ ठरवितो. आपल्याकडच्या पंगतीत म्हणूनच वाढप्याला मान असे. जाणत्या वाढप्याला ताटाकडे पाहून कळते की म्हाताऱ्याला आता भात पुरे, पोराला अजून वरण हवे आणि पाहुणा केवळ भिडेपोटी 'पुरे' म्हणतो आहे. त्याच्या हातातील पळी हेच त्याचे माप असते, आणि ते माप चुकले तर पंगतीतच कोणीतरी त्याला बोलते.

आमचा आजचा प्रश्न साधा आहे. पांढुर्णा आणि सौंसर या दोन तालुक्यांतील घरांत आज वाढपी कोण आहे?

इटारसी-नागपूर लोहमार्गावरील पांढुर्ण्याच्या स्थानकात उतरून मनुष्य गावात आला, की हंगामात त्याला संत्र्यांचे ढीग दिसतात. हा सारा मुलूख संत्र्यांचा आहे. 2023 साली छिंदवाडा जिल्ह्यातून हे दोन तालुके वेगळे काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला, तेव्हा नकाशावर एक रेघ वाढली. जमीन मात्र जुनीच, कपाशीची, तुरीची, ज्वारीची आणि संत्र्याची. अशा या गावातल्या कोणत्याही टपरीपुढे घटकाभर उभे राहावे. शाळेतून सुटलेले पोर येते, नाणी पुढे करते आणि नारिंगी रंगाच्या पाण्याची बाटली घेते. बाटलीवर संत्र्याचे चित्र असते. ज्याच्या बापाने बागेत संत्री तोडली, त्याच पोराने संत्र्याचे चित्र विकत घ्यावे, यापरते दुर्दैव कोणते? आणि या बाटलीला जोड म्हणून एक खारट, कुरकुरीत खाऊचा पुडा असतोच.

कोणी म्हणेल, त्यात काय बिघडले? पुड्याच्या पाठीवर सारे लिहिलेले असते. वाचावे आणि खावे. आमचा खरा वाद येथेच सुरू होतो, कारण त्या पाठीवर जे लिहिलेले असते ते वाचणाऱ्याची दिशाभूल करील अशा मापात लिहिलेले असते.

भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2020 साली वेष्टनांवरील मजकुराचे नियम केले. त्यांनुसार 100 ग्रॅम वा 100 मिलिलिटर पदार्थात साखर किती, स्निग्धांश किती, सोडियम किती हे सांगावे लागते. आणि त्याखेरीज 'एका वेळच्या वाढपा'त, इंग्रजीत ज्याला सर्व्हिंग म्हणतात त्यात, दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग येतो हेही सांगावे लागते. दिवसाची गरज 2000 कॅलरी धरली आहे. जादा साखर 50 ग्रॅम आणि सोडियम 2000 मिलिग्रॅम, म्हणजे 5 ग्रॅम मीठ, ही वरची मर्यादा. इथपर्यंत सर्व शहाणपणाचे आहे. परंतु हे 'एका वेळचे वाढप' किती, हे वेष्टनावर ठरविण्याची मोकळीक उत्पादकालाच उरते. पळी त्याच्या हाती आहे. तो ती किती लहान धरील, हे सांगावयास ज्योतिषी नको.

उदाहरणाने हिशेब पाहू. 600 मिलिलिटरांची एक बाटली घ्या. दर 100 मिलिलिटरांत 12 ग्रॅम साखर आहे असे समजा. गोड शीतपेयांत हे प्रमाण नवलाचे नाही. उत्पादकाने एका वेळचे वाढप 200 मिलिलिटर ठरविले. मग कागदावर साखर येते 24 ग्रॅम, म्हणजे दिवसाच्या मर्यादेचे 48 टक्के. वाचणाऱ्याला वाटते, निम्म्याच्या आतच आहे. पण बाटली उघडून तिसरा हिस्सा पिऊन बूच लावणारे पोर आम्ही या जिल्ह्यात पाहिलेले नाही. पूर्ण बाटलीत साखर झाली 72 ग्रॅम. चहाचे चौदा चमचे. दिवसाच्या मर्यादेच्या 144 टक्के. तीच गोष्ट पुड्याची. 50 ग्रॅमचा पुडा, 100 ग्रॅमला 800 मिलिग्रॅम सोडियम, आणि वाढप 20 ग्रॅमचे. कागद म्हणतो 8 टक्के; पोट म्हणते 20 टक्के. अडीच माणसांचा पुडा एकटे पोर खाते, आणि कागदावर ते सदाचारी ठरते.

शेजारी संत्रे ठेवून पाहा. मध्यम आकाराच्या एका संत्र्यात सुमारे 100 ग्रॅम गर असतो. त्यात नऊ-दहा ग्रॅम नैसर्गिक साखर, दोनएक ग्रॅम चोथा आणि क जीवनसत्त्व असते. ते सोलावे लागते, फोडी चावाव्या लागतात, आणि दोन संत्र्यांनंतर हात आपोआप थांबतो. निसर्गाने संत्र्याचे माप सालीतच बांधून दिले आहे. बाटलीला तसे माप नाही. तिचे माप बाजार ठरवितो.

हे असेच चालावयाचे, असे मात्र नाही. अमेरिकेत, जेथून या पेयांची चाल जगभर पसरली, तेथील सरकारने 2016 साली नियम बदलला. लोक खरोखर किती पितात हे पाहून पेयाचे वाढप 8 औंसांवरून 12 औंसांवर नेले, आणि साधारणतः एका बैठकीत संपणारी 20 औंसांची बाटली एकच वाढप म्हणून मोजावी असे ठरविले. म्हणजे त्यांनी पळी उत्पादकाच्या हातून काढून खाणाऱ्याच्या सवयीपुढे ठेवली. आपल्याकडे सप्टेंबर 2022 मध्ये वेष्टनाच्या दर्शनी बाजूवर तारे छापण्याचा मसुदा निघाला. तेव्हाच अनेकांनी विचारले की, ज्या पदार्थाविषयी सावध करावयाचे, त्याला तारा कशाला? एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दर्शनी इशाऱ्याच्या प्रश्नावर तज्ज्ञसमितीला तीन महिन्यांत शिफारशी देण्यास सांगितले. एका साध्या चिठ्ठीसाठी देशाच्या श्रेष्ठ न्यायासनापर्यंत जावे लागते, यावरून ती चिठ्ठी कोणाला नको आहे हे उघड होते.

चिठ्ठीच्या भाषेविषयीही बोलणे भाग आहे. नियम म्हणतो, मजकूर इंग्रजीत असावा किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत. त्या 'किंवा' शब्दाच्या आडोशाला बरीच वेष्टने निव्वळ इंग्रजीत राहतात. आमच्या सीमाभागाची स्थिती अशी की माणूस घरी मराठी बोलतो, कचेरीत हिंदी लिहितो, आणि तोंडात काय घालतो ते मात्र इंग्रजीत छापलेले असते, तेही मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर आणि विदर्भ एकीकडे गेले, छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला. त्या वेळेपासून भाषेची तक्रार आम्ही साहित्यसभांत करीत आलो. सभेतील भाषेइतकीच पुड्यावरील भाषाही महत्त्वाची आहे, हे आमच्या लक्षात आले नाही. जी भाषा आईला बाळाच्या खाऊतील मीठ सांगू शकत नाही, तिच्या गौरवाची व्याख्याने देऊन काय साधणार?

आता दुसऱ्या बाजूच्या मित्रांशी बोलू. ते म्हणतात, "हे ग्रॅम-मिलिग्रॅम कशाला? आजीचे अन्न परत आणा, सारे ठीक होईल." हे मत कानाला गोड आहे, आणि त्यात अर्धे सत्यही आहे. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी हे जेवण कोणत्याही आहारशास्त्रज्ञापुढे ताठ मानेने ठेवावे असेच आहे. ज्वारीच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 10 ग्रॅम प्रथिने आणि तितकाच चोथा असतो. मैद्यात चोथा त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष भरड धान्यांचे म्हणून पाळले, तेव्हा शहरांतील उपाहारगृहांना ज्वारीचा साक्षात्कार झाला. सौंसरच्या म्हाताऱ्यांना त्याचे हसूच आले असेल.

परंतु जुने ते सारे सोने नव्हे. याच भागात लाखोळीची डाळ खात आले आहेत. दुष्काळात इतर पीक बुडाले तरी लाखोळी येते, म्हणून गरिबाने तिचाच आधार घेतला. आणि महिनोन्महिने तीच मुख्य अन्न झाली तेव्हा तरण्याताठ्या माणसांचे पाय लुळे पडले. एकोणिसाव्या शतकात सागर भागातील अशा साथीचे वर्णन स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. 1961 साली या डाळीच्या विक्रीला बंदी करणारा नियम केंद्र सरकारने केला. लाखोळी कधीमधी थोडी खाणारा पांगळा झाला नाही. तिच्यावरच जगणारा झाला. घातक ठरले ते प्रमाण. आजीच्या अन्नालाही माप लागते ते असे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आहाराच्या मात्रेवर स्वतंत्र अध्याय आहे, आणि पोटाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नाला, एक द्रवाला आणि एक मोकळा ठेवावा असा उपदेश त्याच ग्रंथात आहे. तेव्हा मोजून खाणे ही पाश्चात्त्यांची उसनी खोड आहे, असे कोणी म्हणू नये. पायली, शेर, पसा, मूठ, ओंजळ हे शब्द ज्या भाषेत आहेत तिला मापाचे वावडे कसे असेल?

शिवाय, जुन्या ताटाचे गोडवे गाताना त्या ताटापुढचा मनुष्य बदलला, हेही लक्षात घ्यावे. पहाटे उठून दिवसभर नांगरामागे चालणाऱ्याला तीन भाकरी जिरत. दुचाकीवरून दुकानात जाऊन गल्ल्यावर बसणाऱ्या त्याच्या नातवाला त्या तीन भाकरींबरोबर तर्रीदार रस्सा आणि वर गोड चहाचे पाच पेले कसे जिरावेत? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेही 10 कोटी 10 लाख, आणि त्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले 13 कोटी 60 लाख निघाले. गोव्यातील कोंकणी बंधूंनी आमच्या सातपुड्याच्या गोष्टीकडे परकी म्हणून पाहू नये. त्याच पाहणीत मधुमेहाचे सर्वांत अधिक प्रमाण, 26.4 टक्के, गोव्याचे आहे. उकड्या तांदळाची पेज पिऊन शेतात उतरणारा गोवा आणि भाकर बांधून संत्र्याच्या बागेत जाणारा सौंसर, दोघांचीही शिदोरी आज एकाच पुड्यात बांधली जात आहे.

आमच्या घरांतही दोष आहेत, आणि ते झाकून दुसऱ्याला बोलणे प्रामाणिकपणाचे नाही. आग्रह हा आमच्या पाहुणचाराचा प्राण. पोळ्याच्या सणाला पुरणपोळीवर तुपाची धार धरताना आम्ही हात आखडत नाही, आणि वर्षातून चार दिवस तो आखडावा असे आमचे म्हणणेही नाही. पण रोजच्या फोडणीचे तेल कोणी मोजले आहे काय? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली जी आहारसूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत 2000 कॅलरींच्या दिवसाचे ताट असे आहे: धान्य 250 ग्रॅम, डाळी 85, भाज्या 400, फळे 100, दाणे व तेलबिया 35, दूध वा दही 300 मिलिलिटर, आणि तेल-तूप 27 ग्रॅम. हे आकडे पाठ करण्याची गरज नाही. महिन्याच्या वाणसामानाच्या यादीशी ताडून पाहावेत. चार मोठ्या माणसांच्या घराला या मापाने महिन्याला सव्वातीन किलो तेल होते. म्हणजे 15 किलोचा डबा साडेचार महिने पुरला पाहिजे. मीठ माणशी 5 ग्रॅम, म्हणजे एक किलोची पिशवी पन्नास दिवस चालली पाहिजे, आणि तीही लोणचे-पापडाचे मीठ धरून. आपला डबा दीड महिन्यात आणि पिशवी तीन आठवड्यांत संपत असेल, तर वैद्याकडे जाण्याआधीच निदान झाले. हा हिशेब करावयाला तराजू नको, प्रयोगशाळा नको. डबा ज्या दिवशी फोडला ती तारीख त्यावर खडूने लिहिली की पुरे.

याहून जिव्हारी लागणारा दोष निराळा आहे. आमच्या घरात वाढणारीण स्वतः शेवटी जेवते. वरणाच्या पातेल्याचा तळ आणि भाजीचा रस्सा एवढेच तिच्या वाट्याला उरते. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वर्षांच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. 'वाढणे' या शब्दातील दुसरा अर्थ आम्ही तिच्याबाबतीत विसरलो. योग्य वाढप म्हणजे केवळ कमी खाणे नव्हे. ज्याच्या ताटात कमी पडते त्याला अधिक मिळणे हेही त्यातच येते. आहाराच्या चर्चेत सुखवस्तूंच्या पोटाचा घेर फार बोलतो आणि गृहिणीचे रिकामे पातेले गप्प असते.

सरकारच्या पळीकडेही पाहू. शाळेतील मध्यान्ह भोजनाचे माप ठरलेले आहे: प्राथमिक वर्गातील मुलास 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत. हे माप चांगले आहे. त्याच शाळेच्या आत, आणि फाटकापासून 50 मीटरांच्या आत, अतिसाखर, अतिमीठ, अतिस्निग्ध पदार्थ विकू नयेत असा नियम 2020 साली झाला आहे. हाही चांगला. मग आपल्या गावातील शाळेच्या फाटकाशी उभे राहून वाचकांनी पन्नास मीटर पावलांनी मोजावे. जे दिसेल ते आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही. दुपारी सरकारने ग्रॅममध्ये मोजून दिलेले जेवण पोर अर्धे टाकते, कारण मधल्या सुट्टीत पाच रुपयांच्या पुड्याने त्याची भूक मारली आहे.

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळते. दिवसाला सुमारे 166 ग्रॅम. पोषण संस्थेच्या ताटातील धान्याचे दोन तृतीयांश भागले. पण त्याच ताटातील 85 ग्रॅम डाळीचे काय? चार माणसांना महिन्याला दहा किलोंहून अधिक डाळ लागेल. ज्या मजुराची सारी कमाई किराण्यातच जाते, त्याला 'डाळी-भाज्या खा' असा उपदेश करून घरी परतणारा पोषणतज्ज्ञ आमच्या मते अर्धेच बोलतो. धान्य स्वस्त, डाळ महाग, आणि सर्वांत स्वस्त तो पाच रुपयांचा पुडा; अशा बाजारात गरिबाने 'आरोग्यदायी निवड' करावी म्हणणे हे पोहता न येणाऱ्याला कन्हानच्या पुरात लोटून हात कसे मारावेत ते काठावरून सांगण्यासारखे आहे.

तेव्हा आमच्या मागण्या चार, आणि त्या आम्ही स्पष्ट मांडतो. जो पुडा वा बाटली एका बैठकीत संपते, तिच्यावर संपूर्ण पुड्याचा हिशेब छापावा, तुकड्याचा नव्हे. तो इंग्रजीबरोबर देवनागरीतही असावा. 'किंवा' काढून तेथे 'आणि' घालावे. शाळेभोवतीच्या पन्नास मीटरांचा नियम नगरपालिकेने आणि ग्रामपंचायतीने खडूची रेघ मारून पाळावा. शिधावाटपाच्या दुकानात धान्याबरोबर डाळ यावी. ज्या राज्याची गणना देशातील मोठ्या डाळ-उत्पादकांत होते, त्याच्या गरिबाच्या वरणात पाणी का असावे?

या मागण्या मान्य होईपर्यंत आपणही स्वस्थ बसावयाचे कारण नाही. पुडा उलटा करून 'एका वेळचे वाढप' हा आकडा सोडून द्यावा आणि 100 ग्रॅमचा रकाना पाहावा. पुडा 50 ग्रॅमचा असेल तर त्याचे निम्मे करावे. आलेल्या सोडियमला अडीचाने गुणले की मीठ निघते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. तेव्हा आरंभीच साखर, मैदा आणि तेल असेल, तर वर चित्र संत्र्याचे असो वा गव्हाच्या ओंबीचे, आत काय आहे ते समजले. आणि पोराच्या हातात नाण्यांऐवजी दोन संत्री द्यावीत. हंगामात या मुलुखात तरी ती विकत आणावयाला लांब जावे लागत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. किती डोकी फुटली याचा आकडा दरवर्षी वर्तमानपत्रांत येतो, आणि बाहेरगावचे लोक आम्हाला रानटी म्हणतात. त्यांचा राग आम्हाला समजतो. पण वर्षाचे उरलेले 364 दिवस साखरेचे, मिठाचे आणि तेलाचे खडे एकेका घरावर पडत असतात. त्यांनी कोणाचे डोळे गेले, कोणाचा पाय कापावा लागला, कोण अर्धांगाने अंथरुणाला खिळले, याची यादी कोणत्याही वर्तमानपत्रात येत नाही. ती यादी आपल्या नात्यागोत्यातील नावे आठवून ज्याची त्याने करावी.

मग पळी कोणाच्या हाती असावी, हे ठरविण्यास वेळ लागणार नाही.